नाव नसलेला थांबा

ऑफिसात तिला सगळे 'आहेका' म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. आणि तीही बिनदिक्कत ओ देई. नाव पडायला कारण तसंच होतं. कुणी नवा लिहिलेला प्रोग्राम तपासायला तिच्याकडे आणला, की ती खुर्ची पुढे ओढायची, पेनचं टोपण दातात धरायची, बराच वेळ पडद्याकडे बघत बसायची आणि मग एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारायची, "सगळं छान आहे. पण हे इथे आहे का?"

"असणारच ना," समोरचा म्हणे.

"असणारच म्हणजे? बघितलंस?"

बघितलेलं नसायचंच. प्रोग्राम लिहिणारी माणसं घाईची असतात. ती डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत जातात: हे प्रवाशाचं नाव, ही पुढची बस, हा शेवटचा थांबा. चिठ्ठी वाचून प्रोग्राम डब्यात हात घालतो. पण चिठ्ठी आहे म्हणजे मागे डबा आहेच, असं नसतं. डबाच नसला, तर प्रोग्राम हात घालतो तो हवेत, आणि सपशेल तोंडघशी पडतो. या नसण्याला ती मंडळी 'नल' म्हणतात. आहेका प्रत्येक डब्याआधी एक छोटी ओळ लिहायची: असेल तर पुढे जा, नसेल तर काय करायचं ते असं. बाकीचे तिला हसत, पण आपापल्या प्रोग्रामात तिची ओळ मुकाट्याने घालूनही घेत.

वडिलांना या कामाचं स्वरूप कधीच नीट कळलं नाही. नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय काम करतेस नक्की?"

"नल तपासते, बाबा."

"नळ?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "एवढं शिकून प्लंबर झालीस? बरं झालं. मोरीतला गळतोय कधीचा."

वडील स्वतः लिफ्ट दुरुस्त करत. जाळीच्या दाराच्या, करकर वाजत वर जाणाऱ्या जुन्या लिफ्टा. तरुणपणी एकदा कसल्याशा विचारात त्यांनी दार सरकवलं आणि पाऊल आत टाकलं. लिफ्ट वरच्याच मजल्यावर थांबलेली होती. एक मजला खाली पडले, जीव वाचला. उजवा पाय मात्र कायमचा आखूड झाला. तेव्हापासून त्यांचा एकच धडा होता. "दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली, असं समजायचं नाही. आधी बघायचं. आहे का?" पोरगी इतकी तयार झाली, की कपाट उघडतानाही वाकून आत बघायची आणि गंभीरपणे विचारायची, "आहे का?" आतून कुणी उत्तर देईल अशी तिची खात्रीच असायची.

ती अगदी लहान असतानाच आई घरातून निघून गेली होती. कुठे, कशासाठी, कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारपाजारचे वडिलांना सांगत, "पोरीला म्हणा आई वारली. विषय मिटेल." वडिलांनी तसं कधीच सांगितलं नाही. तिने विचारलं, "बाबा, आई आहे का?" की हातातला पाना थांबायचा आणि ते म्हणायचे, "माहीत नाही गं." 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत केवढं अंतर असतं, ते ती त्या दोन खोल्यांच्या घरात शिकली. 'नाही' म्हटलं की दाराला कडी लावता येते. 'माहीत नाही' म्हटलं की दार नुसतं लोटून ठेवावं लागतं. वारा सुटला की ते हलतं, आणि आतली माणसं मान वर करून बघतात.

असो. आहेका वयाने चाळिशीकडे झुकली, केसांत एक पांढरी बट आली, वडील निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आले, आणि तिच्या कंपनीला शहरातल्या बसेसचं काम मिळालं. बसमध्ये बाईच्या आवाजात घोषणा होतात ना, "पुढचा थांबा अमुक," त्या आवाजाला शब्द पुरवणारा प्रोग्राम. हे काम आहेकाने जीव ओतून केलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती मुद्दाम बसमध्ये बसून एक फेरी मारून यायची. आपण लिहिलेलं कुणीतरी हवेत बोलतंय आणि माणसं त्या बोलण्यावर विश्वास ठेवून उठतायत, हे तिला स्वप्नासारखं वाटायचं.

पानगळ सुरू झाली होती. सकाळी धुकं पडायचं ते दुपारपर्यंत रेंगाळायचं. अशाच एका सकाळी तळ्याकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरचा फोन आला.

"तुमची बाई मध्येच गप्प बसते हो," तो म्हणाला.

"बंद पडते का?"

"बंद नाही पडत. 'पुढचा थांबा' म्हणते आणि गप्प. माहेरची आठवण आल्यासारखी. मग त्याच्या पुढच्या थांब्याला परत व्यवस्थित बोलते."

ऑफिसात हशा पिकला. कारण तो भाग आहेकाने स्वतः लिहिलेला होता. टीमलीडर तिच्या टेबलावर कोपर टेकून म्हणाला, "काय मग? आहे का?"

"थांबा हो," ती म्हणाली. कान लाल झाले होते.

तिने ओळ उघडून बघितली. तपासणारी ओळ तर होती. थांब्याला नाव आहे का? असेल तर बोल, नसेल तर नुसतं 'पुढचा थांबा येत आहे' म्हण. मग गडबड काय? बराच वेळ ती डोक्याला हात लावून बसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. नाव नव्हतं असं नव्हतं. नाव होतं, पण त्यात एकही अक्षर नव्हतं. डबा जागेवर होता, झाकण लावलेलं होतं, आणि आत फक्त हवा. प्रोग्रामने विचारलं, आहे का? उत्तर आलं, आहे. मग बाईने ते नाव वाचलं. रिकामं नाव, जसंच्या तसं.

तिने परिवहन कार्यालयात फोन लावला. तिथल्या कारकुनाचा आवाज उशीसारखा मऊ होता.

"हो, तो नवा थांबा. रस्त्याला वळण दिलं ना तिकडे. नाव ठरायचंय. दोन कमिट्यांचं जमत नाहीये. तोवर जागा रिकामी ठेवलीय."

"म्हणजे नाव नाही?"

"नाही कसं? आहे ना. ठरायचंय."

"अहो, नसणं वेगळं आणि रिकामं असणं वेगळं."

"मॅडम," कारकून समजुतीने म्हणाला, "आमच्याकडे दोन्हीला वेळ सारखाच लागतो."

दुरुस्ती एका ओळीची होती. पण आहेकाचा हात काही चालेना. ती बाई तिथे गप्प बसते म्हणजे नक्की काय होतं, ते तिला ऐकावंसं वाटलं. दुपारी तिने स्वेटर घातला आणि तळ्याकडची बस पकडली.

बसमध्ये थोडीच माणसं होती. खिडक्यांच्या काचा धुक्याने आंधळ्या झाल्या होत्या. कुणी तरी बोटाने पुसून एक गोल झरोका केला होता, त्यातून झाडं एकेक करून येत आणि जात. बाई थांब्यांची नावं घेत होती. शाळा. पाण्याची टाकी. जुना कारखाना. माणसं उतरत होती. मग रस्ता वळला आणि बाई म्हणाली, "पुढचा थांबा," आणि थांबली.

आहेकाने श्वास रोखला. गंमत अशी, की बसमधल्या सगळ्यांनीच रोखला. भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या माणसाने मान वर केली. झोपलेली एक म्हातारी जागी झाली. कुणी नाव घेता घेता थांबलं की आपण ओठांकडे बघतो, तसे सगळे छतातल्या त्या छोट्या स्पीकरकडे बघत राहिले. इंजिनची घरघर, काचेची थरथर आणि बाहेर कुठे तरी वाऱ्यावर वेत घासल्याचा सळसळाट, एवढंच ऐकू येत होतं.

आणि त्या शांततेत पुढच्या सीटवरची एक बाई उठली. पन्नाशीची, उंच, पाठीवर सॅक, हातात अंधांची पांढरी काठी. ती ओळखीच्या घरात वावरावं तशी दाराशी गेली. आहेकाही तिच्यामागून उतरली.

थांब्यावर एक खांब होता. खांबावर कोरी पाटी. खाली बाक आणि मागे वेताचं बन. बस गेल्यावर ती बाई मागे न वळता म्हणाली, "माझ्यामागे कोण उतरलं? इथे कुणी उतरत नाही."

आहेकाने आपण कोण, कशासाठी आलो, ते सांगितलं. बाई एकदम हसली. "म्हणजे तो आवाज तुमचा?"

"आवाज नाही. शब्द."

"मग इथला शब्द कुठाय?"

"तोच तर हरवलाय, ताई."

ताई तळ्यापलीकडच्या दवाखान्यात मालिश करायच्या. मोडून सांधलेले हात, आखडलेल्या माना त्यांच्या बोटांखाली सैल व्हायच्या. काम दुपारनंतर सुरू व्हायचं. त्याआधी त्या या थांब्यावर उतरून तळ्यात पोहायच्या. पूर्वी तिथे दगडांची खाण होती, ती झरे फुटून भरली.

"मला तर हाच थांबा सगळ्यात चांगला ओळखू येतो," त्या बाकावर बसून बूट काढता काढता म्हणाल्या. "बाकीची नावं गर्दीत ऐकू येत नाहीत. इथे मात्र सगळेच गप्प होतात. मला वाटायचं, कुणी मुद्दामच केलंय."

आहेकाला उगीच बरं वाटलं. "मग राहू द्यायचं का तसंच?"

"नको, नको." ताईंनी मान हलवली. "परवा काय झालं, तुमचं यंत्रच बंद होतं. मला काय माहीत? मी आपली शांततेची वाट बघत बसले. सगळीच शांतता! जाऊन पोचले डेपोत. ड्रायव्हर म्हणतो, मावशी, उतरा, गाडी धुवायचीय." त्या हसत होत्या, पण मग त्यांचं हसू विरलं. "आवाज गप्प बसला, की आवाजच नाही, हे कळायला नको का?"

पेनचं टोपण चावून चावून आहेका जे वर्षानुवर्षं लोकांना समजावत आली होती, ते या बाईने बुटाची नाडी सोडता सोडता सांगून टाकलं होतं.

वेताच्या बनातून एक पायवाट पाण्यापर्यंत जात होती. धुकं तळ्यावर इतकं खाली टेकलं होतं, की पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. ताईंनी सॅकमधून एक छोटा रेडिओ काढून सपाट दगडावर ठेवला, लावला. कुणी तरी संथपणे बासरी वाजवत होतं. "हा माझा किनारा," ताई म्हणाल्या. "याच्यापासून लांब जायचं, याच्याकडे परत यायचं." पोहण्याचा पोशाख आतच होता. त्या पाण्यात शिरल्या त्या आवाज न करता, आणि चार हात मारले न मारले तोच धुक्याने त्यांना आपल्यात ओढून घेतलं.

आहेका दगडाशेजारी बसली. बासरी, मधूनच पाण्याचा चुबुक आवाज, पुन्हा बासरी. तिला वाटलं आपण एखाद्याच्या झोपेत येऊन बसलोय. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू बासरी जड व्हायला लागली. सूर खाली घसरला, फाटला, बारीक झाला. आधी तिला ते वाजवणाऱ्याचंच कौशल्य वाटलं. मग रेडिओने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. सेल संपले होते.

पाण्यातला चुबुक आवाजही थांबला.

आहेका उठून उभी राहिली. तिने रेडिओ हलवला, तळहातावर आपटला. काही नाही. समोर पांढरं, नुसतं पांढरं. तिला पोहता येत नव्हतं. घोट्यापर्यंतच्या पाण्याचीसुद्धा तिला भीती वाटायची.

मग धुक्यातून हाक आली. घाबरलेली नव्हती, पण मघासारखी मोकळीही नव्हती. कुठल्या बाजूने आली तेही कळलं नाही.

"आहेस का गं?"

आयुष्यभर तिने हा प्रश्न विचारला होता. डब्यांना, दारांना, वडिलांना. ती स्वतः आहे का, असं मात्र तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.  ती इतक्या मोठ्याने ओरडली, की वेतातून पाखरं उडाली.

"आहे! इकडे! मी आहे!"

"बोलत राहा!"

"काय बोलू?"

"काहीही! थांबू नकोस!"

काय बोलावं ते सुचेना. मग तिने थांब्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. शाळा. पाण्याची टाकी. जुना कारखाना. एकामागून एक, आठवतील ती, शहरातली सगळी, कुठल्याही बसची. मध्येच तिचा आवाज चिरकत होता, मध्येच नावं दोनदा येत होती. पाण्यात पुन्हा चुबुक व्हायला लागलं, आधी लांब, मग डावीकडे, मग समोर. धुक्यात आधी एक हात दिसला, मग कपाळ. आहेका बूट-मोज्यांसकट गुडघाभर पाण्यात उभी होती. कधी शिरली, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

ताईंनी तिचा हात धरला. दोघींचेही हात गार होते. "न्हाव्याची गल्ली दोनदा घेतलीस," ताई धापा टाकत म्हणाल्या, "आणि दवाखाना विसरलीस."

दोघी बाकावर एकाच टॉवेलमध्ये पाय गुंडाळून बसल्या, तेव्हा कुठे आहेकाला रडू फुटलं. ताईंनी तिच्या मानेवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं.

घरी गेल्यावर वडिलांनी ओले बूट बघितले. "नळ फुटला वाटतं," ते म्हणाले. तिने सगळं सांगितलं. मग स्टोव्हजवळ पाय शेकत विचारलं, "बाबा, नाव नसलेल्याला काय म्हणावं?"

 "जे आहे ते म्हणावं," वडील म्हणाले. "आहे, पण नाव नाही. त्यात लाजायचं काय?" तिचे ओले बूट स्टोव्हजवळ सरकवत ते म्हणाले, "लोक मला म्हणायचे, काहीतरी सांगून टाक पोरीला. पण काहीतरी सांगितलं असतं, तर तू काहीतरीच ऐकत मोठी झाली असतीस."

 ती जरा सरकून त्यांच्या खांद्याला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी टीमलीडरचं म्हणणं पडलं, की नाव रिकामं असेल तर तो थांबा सरळ गाळून टाकावा. "कोण उतरतंय तिथे?"

"एक बाई उतरते."

"एका बाईसाठी?"

"नाही, तसंही नाही," आहेका म्हणाली. "थांबा आहे तर आहे म्हणायला हवं. तुम्ही रजेवर असता तेव्हा आम्ही तुमची खुर्ची गच्चीवर नेऊन टाकतो का?"

टीमलीडरने आपल्या खुर्चीकडे बघितलं आणि तो तिच्या बाजूने झाला. तसा माणूस चांगला होता.

तिने ती तपासणी नव्याने लिहिली. नावच नसेल तर, नाव असून त्यात अक्षर नसेल तर, नुसत्याच मोकळ्या जागा असतील तरीही. आणि यंत्रच बंद पडलं तर ड्रायव्हरसमोर दिवा लागेल, म्हणजे तो स्वतःच्या तोंडाने ओरडेल, अशी तजवीज केली. काही दिवसांनी तळ्याकडच्या बसमध्ये वळणावर बाई म्हणाली, "पुढचा थांबा. नाव अजून ठरलेलं नाही. उतरायचं असेल तर उतरावं."

हे वाक्य लोकांना का आवडलं, ते सांगणं कठीण. आधी बसमध्ये हशा पिकायचा. मग कुणी कुणी खरंच उतरायला लागलं. ऑफिसातून दमून निघालेली माणसं, भांडून घराबाहेर पडलेली माणसं, पाळण्यातलं बाळ झोपत नाही म्हणून हिंडणारी एक आई. नाव नसलेल्या ठिकाणी कुणी कुणाला, इथे कसे काय, असं विचारत नसे. लोक बाकावर बसत, पाण्याकडे बघत, पुढची बस पकडून जात. ताईंची मात्र पंचाईत झाली. "बूट काढायला बाकावर जागा मिळत नाही," त्यांनी फोनवर तक्रार केली. "काहीतरी कर बाई. दुर्गंधी वगैरे जाहीर कर."

थंडी सरत आली तेव्हा दोन्ही कमिट्यांचं जमलं. जमलं म्हणजे, दोघींनी सुचवलेली नावं एकापुढे एक जोडली. ते नाव इतकं लांब झालं, की बाई ते पुरं घेईपर्यंत बस थांब्याच्या पुढे निघून जायची. शेवटी ड्रायव्हर वळणावरच गाडी हळू करायला लागला, तिला बोलून घेऊ द्यायचा, मग थांबायचा. ताई म्हणाल्या, "माझं बरं आहे, गाडी हळू झाली की मी 'पुढचा'लाच उठते."

आहेका सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाऊ लागली. पोहायला नव्हे, पोहणं अजून लांब होतं. ताईंनी तिला आधी नुसतं पाण्यावर पडून राहायला शिकवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी ती लाकडाच्या फळीसारखी ताठ झाली आणि नाकातोंडात पाणी गेलं. दुसऱ्या खेपेला ताईंनी पाठीखाली तळहात धरला आणि म्हणाल्या, "मान सोड. आभाळ पडत नाही, तू धरून ठेवू नकोस." तिने मान सोडली. कानात पाणी शिरलं आणि सगळे आवाज लांब गेले. वर विरळ ढग सरकत होते. पाठीखालचा हात कधी निघून गेला, तिला समजलं नाही, आणि समजल्यावरही ती तशीच पडून राहिली.

बाहेर आल्यावर दोघी केस पुसत गप्पा मारत बसल्या. बोलता बोलता रस्त्यावरून बस येऊन निघूनही गेली. पुढची यायला वेळ होता. ऊन मात्र छान पडलं होतं.